जाझच्या नात्यातलं

जाझ हा संगीताचा एक प्रकार असतो, हे मला विशी उलटल्यावर कळलं. आणि ज्या दिवशी कळलं तो दिवस आमच्या घराला चांगला गेला नाही. तोवर आमच्या भागात जाझ ही वस्तू होती. पायानं वाजवायचा एक आडवा मोठा ढोल, त्याच्या डोक्यावर बसलेले दोन धाकटे, शेजारी कडकड करणारा एक चपटा, आणि दांडीवर लटकणाऱ्या पितळी थाळ्या. लग्नाच्या बँडमध्ये हे सगळं मिळून जाझ. ‘जाझ बैलगाडीत चढवा’, ‘जाझवर पोतं टाका, भिजंल’ अशी वाक्यं मी इतकी ऐकली होती, की जाझ ऐकायचा नसून उचलायचा असतो अशीच माझी समजूत होती. मला बहुतेक वेळा उचलायलाच बोलवायचे.

बोलवायचे ते आमचे दाजी, लिंबाजी मास्तर. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. राहायला बेंबळीला, बँड धाराशिवात. मोठ्या ढोलाच्या कातड्यावर त्यांनी पेंटरकडून निळ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं : ‘न्यू धाराशिव जाझ बँड. प्रो. प्रा. लिंबाजी मास्तर.’ एकाच माणसामागं प्रो. आणि प्रा. दोन्ही बघून मी बरीच वर्षं त्यांना दुप्पट प्राध्यापक समजत होतो. मी कॉलेजात इंग्रजीत दोनदा नापास झालो त्याचं मूळ इथंच कुठंतरी असावं. तरी घरात इंग्रजी येणारा माणूस म्हणून माझंच नाव होतं. नापास होण्याइतकं इंग्रजी आमच्या घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

दाजी उंच, काटक, केस तेलानं चापून बसवलेले. बँडचा लाल कोट ते लग्नसराई नसतानाही घालायचे. एका खांद्यावरचा सोनेरी गोंडा कधीच गळून गेला होता, म्हणून ते नेहमी दुसरा खांदा पुढं करून बोलायचे. सगळं जग त्यांना पाठ होतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं. जाझ हा शब्द जहाजावरून आला, असं ते ठामपणे सांगत. “इलायतेतून जहाजात घालून आणलाय. म्हणून जाझ. तुमच्या पुस्तकात नसंल, पर हाय.” माझ्या पुस्तकात खरंच नव्हतं, आणि असतं तरी मी ते पान वाचलं नसतं.

पण दाजींची खरी खूण म्हणजे त्यांची खुर्ची. लोखंडी, घडीची, हिरवा रंग दिलेली. कुठल्याही लग्नाला जाताना जाझ एका बैलगाडीत आणि खुर्ची त्यांच्या काखेत. जाझ एकवेळ मी उचलला तर चाले, खुर्ची नाही.

“जाझ खुर्चीवर बसून वाजिवत्यात, मेव्हणे,” ते म्हणायचे. “हलगी माणसाच्या गळ्यात पडती. जाझ आपल्या पायावर उभा ऱ्हातो, आन माणूस बसतो. ह्यो फरक हाय.”

तामलवाडीकडच्या एका लग्नात वरपक्षाचे एक मिशीवाले पाहुणे त्यांच्यापुढं येऊन उभे राहिले. मांडवात थोरामोठ्यांना बसायला घोंगड्या, आणि हा बँडवाला खुर्चीवर.

“ए, खाली बसून वाजीव की.”

“वाजिवतो की, मामा,” म्हणत दाजी लगेच खुर्ची मिटवून मातीत बसले. मग हातात काड्या घेऊन शांतपणे बघत राहिले. क्लॅरिनेट सुरू झालं, ट्रंपेट सुरू झालं, ढोल मात्र गप्प.

“आरं, वाजीव!”

“पाय पोचत न्हाय, मामा. ह्या वाद्याला देवानं प्याडल दिलंय. म्या काय करू?”

नवरदेव घोड्यावर ताटकळला. करवल्या खुदखुदायला लागल्या. शेवटी मुलीच्या बापानं स्वतः खुर्ची उलगडून दिली. ही गोष्ट दाजी दर दिवाळीला सांगायचे, आणि दर दिवाळीला त्या पाहुण्याची मिशी वीतभर वाढायची. आम्ही हसायचो. आक्का हसायची नाही. ती चुलीकडं तोंड करून म्हणायची, “मामंजी असते तर त्यांनीबी हसून घेतलं असतं.”

मामंजी म्हणजे दाजींचे वडील. त्यांना मी पाहिलं नाही, पण त्यांची हलगी बेंबळीच्या भोवतालच्या चार गावांत ऐकू जायची असं म्हणतात. पोळ्याला ते, देवीच्या पालखीला ते, मढ्यापुढं ते. वाजवायचं उभ्यानं, चालायचं सगळ्यांच्या पुढं, जेवायचं सगळ्यांच्या मागं आणि लांब. धर्मांतराच्या साली नागपूरहून लोक परत आले, वस्तीत सगळ्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी आपली पितळी कड्याची हलगी घेऊन वस्तीच्या विहिरीवर गेले. काठावर उभं राहून त्यांनी ती आत टाकली. पुढच्या वर्षी गावाचा पोळा मुका गेला. पाटलांचा माणूस हलगी मागायला आला तेव्हा मामंजी एवढंच म्हणाले, “हिरीला इचारा.”

दाजी तेव्हा मिसरूड फुटलेले. बापाच्या हाताखाली हलगी शिकून तयार झालेले. आक्का सांगायची, लग्नानंतर कितीतरी दिवस झोपेत त्यांची बोटं हलायची. मग ते सोलापूरला गेले, एका बँडमध्ये सामान उचलायला राहिले, आणि तिथं त्यांना जाझ दिसला. काड्या त्याच, पण कातडं उभं, माणूस बसलेला. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या खुर्चीवर काढलं.

मग दुष्काळ आला.

पहिल्या वर्षी लग्नं निम्मी झाली. दुसऱ्या वर्षी जी झाली ती दोन हार आणि चहावर झाली. क्लॅरिनेटवाला पुण्याला वॉचमन झाला. ट्रंपेटवाला सोलापूरच्या गिरणीत गेला, त्याची बायको सांगायची की तिथल्या भोंग्याला तो दाद देतो. दाजी आणि आक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. मी पण दोन महिने गेलो, मुकादमानं माझा ढीग बघून विचारलं, “ह्यो आजचा का कुणाचा राहिलाय?” दाजी लाल कोट घालूनच खडी फोडायचे. उन्हानं तो कोट आधी गुलाबी झाला, मग मातकट. सुकडी वाटायला आलेल्या बाईंनी विचारलं, “हे कोण?” तर दाजींनी उठून सांगितलं, “जाझवाले.”

त्याच उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली. गाळ काढायला माणसं उतरली, आणि टोपलीतून एक हिरवंगार कडं वर आलं. लाकडाचं, कातड्याचं काही उरलं नव्हतं. सगळ्यांनी ओळखलं. आक्का म्हणाली, “पितळ हाय, टाकायचं कशाला,” आणि घरी नेऊन तिनं ते राखेनं, चिंचेनं घासलं. पाण्याची घागर नेहमी कलंडायची. तिच्याखाली ते कडं बसवलं. अगदी मापाचं बसलं. दाजी संध्याकाळी आले, घागरीकडं बघितलं, आणि पाणी प्यायला शेजारी गेले. काही दिवस ते शेजारीच पाणी पीत होते. मग पाणीच इतकं कमी झालं की कुठं प्यायचं हा प्रश्न उरला नाही.

गावात बोअर मारायला मशीन आलं ते त्या दिवसांत. त्याबरोबर एक गोरा तरुण होता, दाढीवाला, उघडा, उन्हानं लाल झालेला. नाव पीटर. म्हाताऱ्यांनी त्याला लगेच पितरसाहेब केलं. पाणी लागत नव्हतं तेव्हा लोक म्हणायचे, “पितरच आलेत, घास ठेवून बघा.” दाजी त्याच्या हाताखाली पाइप धरायला लागले. पितरसाहेबाकडं एक लहान टेपरेकॉर्डर होता आणि दुपारी झाडाखाली तो एकच कॅसेट लावायचा. गाणं कसलं ते! सुरू झालं की संपायचंच नाही. मध्येच वारं सुटल्यासारखा आवाज, मध्येच बासरी, मग अचानक सगळे तुटून पडायचे. गाणारा एवढ्या वेळानं गायचा की तोवर आपण त्याला विसरलेलो असायचो.

दाजी मात्र ऐकून उभे राहिले. “मेव्हणे, जाझ! आतमंदी जाझ हाय!”

होताच. आमच्या अर्थानं होता. ढोल, थाळ्या, प्याडल, सगळं.

बोअरला पाणी लागलं नाही. मशीन दुसऱ्या गावी गेलं. जाताना पितरसाहेबानं टेप आणि कॅसेट दाजींच्या हातात ठेवली. कदाचित पाण्याऐवजी काहीतरी द्यावं असं त्याला वाटलं असेल. नवीन सेल घेणं शक्य नव्हतं. आक्का जुने सेल पापडासारखे उन्हात वाळत घालायची. तेवढ्यावर टेप रडतखडत चालायचा आणि दाजी छपराखाली जाझ मांडून, खुर्चीवर बसून, त्याच्या मागोमाग वाजवायचे. सबंध वस्ती पाण्याच्या टँकरची वाट बघत ते ऐकायची.

आणि मग कारखान्याची जाहिरात निघाली. सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. ऊस कुठं होता म्हणाल तर नव्हता, पण कारखाना होता. गावोगाव जाऊन सभासद करायला कलापथक हवं होतं. पगारी जागा, कायमच्या. पेटी एक, हलगी एक, आणि चेअरमन अण्णांना सगळं आधुनिक हवं असल्यामुळं तिसरी जागा अशी : ‘जाझ व तत्संबंधी संगीत वाजवणारा. चाचणीच्या वेळी एक रचना वाजवून दाखवावी.’

दाजींनी जाहिरात माझ्याकडून सात-आठ वेळा वाचून घेतली. “जाझ, म्हंजे आपला. आन तत्संबंधी म्हंजे?”

“त्याच्याशी संबंध असलेलं. त्याच्या नात्यातलं.”

“मग पितरसाहेबाचं गाणं जाझच्या नात्यातलं हाय का न्हाय?”

मी म्हणालो, मला काय माहीत. हे उत्तर मी परीक्षेतही लिहीत असे.

“का नसंल? त्यात जाझ वाजतोय.”

“वाजतोय म्हणून नातं कसं होईल, दाजी?”

“मंग कसं होतंय? तुमी माझ्यावानी दिसता का? तुमाला ठोका कळतो का? तरी सगळं गाव तुमाला माझा मेव्हणा म्हणतंय का न्हाय?”

“ते माझ्यामुळं,” आक्का म्हणाली. तिच्या हातात वाळलेले सेल होते. “मधी बहीण पायजे.”

“तर मग ह्यांच्यातबी मधी कोणतरी असंलच,” दाजी म्हणाले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी ते घरात पोटभर हसले. जागा मिळाली तर खडीवर जायला नको, बोटं वाचतील. खडीच्या हातोड्यानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आताच नीट मिटत नव्हती. आणि खुर्ची राहील. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण खुर्चीला त्या आठवड्यात त्यांनी नवा हिरवा रंग दिला.

चाचणी धाराशिवात, कारखान्याच्या कचेरीत. मी जाझ उचलायला. आत टेबलामागं तीन खुर्च्या : मधे अण्णा, एका बाजूला सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक. ह्यांनीच मला दोनदा नापास केलं होतं, त्यामुळं मी ढोलाआड उभा राहिलो. दाजींनी आपली खुर्ची उलगडली आणि बसले. अण्णा मिशीत हसले.

टेप लावायच्या आधी शिपाई धावत जाऊन नवीन सेल घेऊन आला. कारखान्याच्या इज्जतीचा प्रश्न होता. सेल घातले, बटण दाबलं, आणि गाणं सुटलेल्या खोंडासारखं पळत सुटलं.

दाजींनी ते गाणं कायम मेलेल्या सेलवर ऐकलेलं. त्यांना वाटायचं, ते तसंच आहे, जड, दुष्काळी पावलांनी चालणारं. त्यांनी घाबरून माझ्याकडं बघितलं. “मेव्हणे, हे ते न्हाय!” तोवर निम्मं गाणं पुढं गेलं होतं. मग त्यांनी काड्या उचलल्या आणि त्याच्या मागं धावायला लागले. चुकले, धडपडले, एकदा काडी निसटून सेक्रेटरीच्या चहात पडता पडता राहिली. पण मधे कुठंतरी त्यांनी ते गाणं गाठलं. तेवढा वेळ, मला ठोका कळत नसूनही, माझ्या अंगावर काटा आला.

टेप बंद झाला. दाजी घामानं निथळत होते.

“वा,” अण्णा म्हणाले. “प्रोफेसर, हे जाझच ना?”

प्राध्यापक भला माणूस होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “नाही. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात.”

“प्रोग्रेसिव्ह? म्हंजे पुरोगामी? मग आपलंच की!”

“आणि रॉक म्हणजे खडक,” सेक्रेटरीनं माहिती दिली.

“खडकच की, साहेब,” दाजी आशेनं म्हणाले. “रोज त्योच फोडतोय.”

सगळे हसले. प्राध्यापक हसले नाहीत. “जाझमध्ये वाजवणारा त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. हे आधी बांधलेलं आहे, ठरवलेलं. यातल्या काही वादकांनी जाझ ऐकलाय, वाजवलाही आहे. नातं आहे असं म्हणणारे आहेत, नाही म्हणणारेही आहेत. वादाचा विषय आहे.”

“जागा एक हाय,” अण्णा म्हणाले. “व्हय का न्हाय तेवढं सांगा.”

प्राध्यापकांनी पुसलेला चष्मा परत चढवला. मग म्हणाले, “माझं प्रामाणिक मत, नाही.”

दाजी खुर्चीतून उठले नाहीत. “मग साहेब, जाझ म्हंजे काय?”

प्राध्यापकांनी सांगितलं. वर्गात कधी बोलले नव्हते इतक्या मायेनं सांगितलं. की माणसं जहाजात कोंबून अमेरिकेत नेली, गुलाम केली. मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले, वाजवायला बंदी केली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी मग हाताला लागेल त्या वाद्यावर जे उभं केलं, ते जाझ.

जहाज हा शब्द ऐकून दाजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “त्येंचे मालकांनी काढून घेतले. आमचा आमीच टाकला, साहेब.”

अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला. “लिंबाजी, तुझ्या बापाची हलगी म्या ऐकलीय. तसा हात पुन्यांदा झाला न्हाय. तूबी त्याच्याच हाताखालचा. हलगीची जागा रिकामी हाय. चाचणी नको, काही नको. उद्यापासून ये.”

ते मनापासून बोलत होते. म्हणूनच त्यांना शिवी देता येत नव्हती. दाजींनी काड्या कोटाच्या खिशात ठेवल्या, उभे राहिले, खुर्ची मिटवली.

“खुर्चीवरची जागा असली तर सांगा, अण्णा,” म्हणाले, आणि बाहेर आले.

त्यानंतर पाऊस पडला. नंतर पुन्हा पडला नाही, पुन्हा पडला, असं करत वर्षं गेली. लग्नं परत सुरू झाली, पण आता बँजो पार्ट्या आल्या होत्या, कर्ण्याचा भोंगा लावून वाजणाऱ्या. दाजींची दोन बोटं मिटली नाहीत ती नाहीतच. मग तिसरं गेलं. खडी, रस्ता, पाझर तलाव, परत खडी. टेप केव्हाच बंद पडला. मोठ्या ढोलाचं एका बाजूचं कातडं फाटलं तेव्हा आक्कानं त्यात ज्वारी ठेवायचं ठरवलं. अक्षरं भिंतीकडं करून तो कोपऱ्यात उभा होता. आत ज्वारी क्वचितच असायची. एकदा मी त्यावर टिचकी मारली, तर दाजी आतून म्हणाले, “वाजवू नका. रिकामं वाजतंय.”

मला त्या कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली. कुणाला तरी लागायचीच होती. एका दसऱ्याला बेंबळीला सोनं द्यायला गेलो, तर घागर तीन दगडांवर टेकवलेली.

“आक्का, कडं कुठंय गं?”

“घासायला काढलंय,” ती म्हणाली आणि चुलीत फुंकर मारत बसली. चूल पेटलेली नव्हती.

मी दाजींना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कारखान्याच्या बॉयलर पेटवण्याच्या समारंभाला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. समारंभाच्या दिवशी माझ्याकडं खुर्च्यांचं काम होतं. मंत्री येणार, संचालक येणार, त्यांच्या बायका येणार. मी सकाळपासून खुर्च्या उचलत होतो. पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि फाटकापाशी हलगी कडाडली. अशी हलगी मी आयुष्यात ऐकली नव्हती. ठोका न कळणारा मी, हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिलो. बायका कचेरीच्या ओसरीतून बाहेर आल्या. अण्णांनी डोळे मिटले.

पाहुण्यांच्या पुढं पुढं, उलटं चालत, मातकट लाल कोट घातलेले दाजी येत होते. गळ्यात हलगी. पितळी कडं उन्हात लखलखत होतं. तीन बोटं मिटत नव्हती म्हणून काडी हाताला चिंधीनं बांधली होती.

भाषणं सुरू झाल्यावर ते मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले. मी खुर्ची घेऊन गेलो. तिथं एवढ्या खुर्च्या होत्या, कितीतरी रिकाम्याच.

“दाजी, बसा.”

त्यांनी खुर्चीकडं बघितलं. माझ्याकडं नाही.

“ऱ्हाऊ द्या, मेव्हणे. हे उभ्यानं वाजिवत्यात.”

मी खुर्ची उलगडून त्यांच्याजवळ ठेवली. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाले, “तसं बघाया गेलं तर जाझच्या नात्यातलंच हाय म्हणा हे. ढोल गेलेल्या माणसांचं प्रोफेसर म्हणाला नव्हता का?”

तेवढ्यात स्टेजवरून कुणीतरी ओरडलं, “ए हलगी! चल, मंत्रीसाहेब निघाले!”

आणि दाजी पुढं धावले.